शनिवारची सिएना ट्रिप, सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, शनिवारी सकाळी ८ वाजता फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर भेटायचंय, ८ म्हणजे ८, आपल्या लग्नाच्या मुहूर्तासारखं नको. ट्रेनला साधारण दीड तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड बसतो आणि तिथे कुणाचं काही ऐकत नाहीत.

- सिएनाचं स्टेशन खाली आहे आणि गाव वर डोंगरावर, सरकते जिने आहेत पण पुढेही चढउतार भरपूर, त्यामुळे बूट घाला, हील्स अजिबात नको.
- कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी जवळ ठेवा.
- तोर्रे देल मांजा टॉवरला ४०० च्या आसपास पायऱ्या आहेत, जिना एकदम अरुंद, गुडघेदुखीवाल्यांनी खाली पियाझ्झा देल काम्पोत बसावं. विटांच्या त्या उतरत्या चौकात लोक चक्क जमिनीवर पाय पसरून बसतात, तोही एक कार्यक्रमच आहे.

पालाझ्झो पुब्लिको म्हणजे तिथल्या टाउन हॉलमधली चित्रकार लोरेंझेत्तीची १३३८-३९ ची चित्रं चुकवू नका. चांगला कारभार असला की शहर कसं दिसतं आणि वाईट असला की कसं, भिंतभर रंगवलंय, आपल्या नगरसेवकांना दाखवायला हवं खरं तर.

घोड्यांची पालिओ शर्यत मात्र २ जुलै आणि १६ ऑगस्टलाच असते, त्याबद्दल परत परत विचारू नका 😀

अंडं न खाणाऱ्यांनी रिच्चारेल्ली (तिथली बदामाची बिस्किटं) घेऊ नका, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत इथेच नाव टाका.