विहिरीतलं नायट्रेट कुणाचं?

महोदय,

आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि गावात दोन तट पडले. वस्तीवरचे म्हणतात, द्राक्षवाल्यांचा युरिया. आम्ही बोट दाखवतो शोषखड्ड्यांकडे. रिपोर्टावर नुसता आकडा. तो ओरडून थोडाच सांगणार मी कुणाचा?

समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मात्र सांगतात. युरियातला नायट्रोजन हवेतूनच घेतलेला, म्हणून त्यात जड नायट्रोजन-१५चं प्रमाण जवळपास हवेइतकंच. शेण-मैल्यातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, जड मागे उरतो. जमिनीतले जिवाणू नायट्रेट खातात तेव्हाही जडाचं प्रमाण वाढतं, पण तेव्हा जड ऑक्सिजनही सोबत वाढतो, म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजनही तपासावा लागतो. शेण की मैला, हे तेवढ्याने कळत नाही. तिथे बोरॉन कामी येतो, कारण कपडे धुण्याच्या काही पावडरींतून तो सांडपाण्यात उतरतो.

भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांवरून भूजल तपासण्याचं काम चालतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने त्यांच्या मदतीने निफाड-दिंडोरीतल्या विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यावेत. युरिया निघाला तर आम्ही डोस कमी करू. शोषखड्डे निघाले तर ग्रामपंचायतीने गटार योजना कागदावरून खाली उतरवावी.

– एक द्राक्ष बागाईतदार, ता. निफाड, जि. नाशिक