काळा पुठ्ठा धरून उभे राहणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच घडी घालून खिशात टाकलं असतं आणि चहाला बसवलं असतं. म्हणून उघड लिहीत आहोत. दुसरंही कारण आहे. नागपुरात रात्रीचे फोटो काढायला शिकणारी पोरंपोरी वाढली आहेत आणि त्यांना विकत मिळणारं शिक्षण फार वाईट आहे. आधी फी, मग एसी खोलीत पडद्यावर परदेशी शहरांचे फोटो, 'अंधार आहे ना, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, लेन्स पूर्ण उघडा' एवढं एक सूत्र आणि जाताना हातात प्रमाणपत्र. फोटो हलला, दाणेदार आला, दिव्यांचे गोळे झाले, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: बॉडी बदला, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या. काउंटरमागच्या माणसाने हे म्हणावं, त्याचं पोट आहे त्यावर. शिकवणाऱ्याने म्हणावं?

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी हे मोडून काढलंत. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसला की अंधाराची भीती संपते. आयएसओ १००, एफ ८ (लेन्सचं तोंड बरंच बारीक) आणि धीर, एवढ्यात शहर फोटोत मावतं. दहा वर्षं जुनी बॉडी आणि तिच्यासोबत आलेली किट लेन्स यांवर हे होतं. आम्ही नवा कॅमेरा घेतला नाही, ही तुमच्यामुळे झालेली बचत. ती आधीच्या फीपेक्षा बरीच जास्त भरते.

रात्रीचा फोटो संध्याकाळी काढायचा, हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. सूर्य बुडाल्यावर साधारण पंधराव्या मिनिटापासून पस्तिसाव्या मिनिटापर्यंत आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा एका तोलावर असतात. त्यानंतर आकाश काळं होतं आणि इमारतींच्या कडा त्यात विरून जातात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास जातो, जूनच्या शेवटी सातच्या आसपास. मुंबईच्या माणसाने दिलेली वेळ इथे चालत नाही, नागपूर पूर्वेला आहे; ऋतूप्रमाणे वीस ते तीस मिनिटं आधीच खेळ आटोपतो. म्हणजे ट्रायपॉड सूर्य मावळण्यापूर्वी लागलेला हवा, फ्रेम ठरलेली हवी. आणि तोवर कोणी बटणांशी चाळा करत असेल तर तुमचं ठरलेलं वाक्य यायचं: "काहून घाई करून राहिला बे? दिवे कुठी पळून नाही चालले."

एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते शोधायची तुमची रीत तर प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगावी अशी आहे. आयएसओ ६४०० वर, एफ तोच ठेवून, एका सेकंदाचा कच्चा फोटो काढायचा. तो उजेडाला बरोबर दिसला तर १०० वर ६४ सेकंद लागतील, कारण ६४०० हे १०० च्या ६४ पट. एवढा वेळ नको असेल तर २०० वर ३२. तीस सेकंदांच्या पुढे जायचं तर बल्ब (बटण सोडेपर्यंत शटर उघडं ठेवणारी सोय) आणि रिमोट. प्रत्येक प्रयोगाला मिनिटभर थांबत बसण्यापेक्षा एका सेकंदात फ्रेम, आडवी रेघ, फोकस, उजेड सगळं तपासून होतं. फिल्मवर हा हिशेब इतका सरळ नव्हता. उजेड मोजणाऱ्या मीटरने दहा सेकंद सांगितले तर फिल्मला त्याहून बरेच जास्त द्यावे लागत, कारण मंद उजेडात तिची संवेदनशीलता घसरते. तुम्ही ते दिवस काढले आहेत, म्हणून तुम्हाला डिजिटलची ही सवलत दिसते. बाकीच्यांना ती फुकट मिळाल्याने दिसतही नाही.

फोकसचंही तसंच. अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे शोधत राहतो आणि कुठेतरी चुकीचा अडकतो. फोकस मॅन्युअलवर टाकून, लांबचा एक दिवा लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) दहापट मोठा करून, तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंगवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप. रिंग टोकापर्यंत फिरवली की अनंत, हा समज खोटा. बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे फिरते. झूम हलवला की फोकस पुन्हा तपासायचा. काही नव्या लेन्समध्ये रिंग नुसती विजेवर चालते. तिथे कॅमेरा बंद-चालू केला की बऱ्याचदा फोकस जातो आणि टेपचा उपयोग शून्य.

यूव्ही फिल्टर तुम्ही सगळ्यांच्या लेन्सवरून स्वतः काढून ज्याच्या त्याच्या खिशात टाकले होते. 'लेन्सच्या संरक्षणासाठी' म्हणून विकलेली ही काच रात्री भुतं पाडते: दिवा फ्रेममध्ये वर डावीकडे असेल तर मधल्या बिंदूपासून तेवढ्याच अंतरावर खाली उजवीकडे हिरवट ठिपका. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. क्लासात याला 'सॉफ्टवेअरमध्ये काढून टाका' म्हणतात. एका चौकात चाळीस दिवे असतात, काढा बसून.

ट्रायपॉडबद्दल जास्त लिहीत नाही. मधला दांडा वर ओढायचा नाही, एक पाय लेन्सच्या दिशेने, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्यात तीच झुलते आणि कॅमेरा हलवते. पण पुलावरची तुमची पाण्याची बाटली सांगायलाच हवी. दोन खांबांच्या मधोमध पूल सर्वात जास्त हलतो, खांबाच्या डोक्यावर सर्वात कमी. अर्धी भरलेली बाटली कठड्यावर ठेवायची. ट्रक गेल्यावर आतलं पाणी थरथरायचं थांबलं की बटण. हजारो रुपयांच्या ट्रायपॉडलाही हे कळत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

वर्धा रोडवर एकावर एक तीन थर आहेत: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा हा डबल डेकर पूल गिनीज बुकात गेला, पण फोटो काढणाऱ्याला त्याचं मोल वेगळं आहे. एकाच फ्रेममध्ये तीन वेगांचा उजेड मिळतो. तीन डब्यांची मेट्रो चार ते आठ सेकंदांत खिडक्यांची सलग पट्टी ओढून जाते, तर खालच्या गाड्यांच्या रेघा भरायला वीस-तीस सेकंद लागतात. रेघा लाल हव्यात तर रस्त्याच्या डाव्या कडेला, वाहतूक जाते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे जवळच्या गाड्या पाठमोऱ्या. हेडलाइट मागच्या दिव्यापेक्षा कितीतरी पट प्रखर. तो जवळून आला की बाकी सगळं धुऊन जातं.

आणि तो येतोच. तीस सेकंदांपैकी विसावा सेकंद चालू असतो, मेट्रो नुकतीच जाऊन सुंदर पट्टी उमटलेली असते आणि वळणावरून कोणीतरी हाय बीम टाकून सरळ लेन्सच्या डोळ्यात घुसतो. फोटो गेला. पुढच्या मेट्रोपर्यंत निळं आकाश थांबत नाही.

तुमच्याकडे यावर एक पुठ्ठा होता. फोटो-पेपरच्या जुन्या डब्याचं झाकण, पोस्टकार्डाहून जरा मोठं कापलेलं, एका बाजूला मॅट काळा रंग, कडा बोटांनी घासून मऊ पडलेल्या, एका कोपऱ्यावर चिकटपट्टीचा जोड. लेन्सपुढे दोन बोटं अंतरावर धरायचा, टेकवायचा नाही. टेकला की ट्रायपॉड हलतो. स्थिर धरायचा नाही, किंचित हलता ठेवायचा, म्हणजे त्याच्या कडेची रेघ उमटत नाही. काळी बाजू लेन्सकडे आणि रंग मॅटच, कारण चकचकीत असेल तर मागच्या दिव्याचा उजेड त्यावरून लेन्समध्ये जातो. झाकलेले सेकंद मोजायचे आणि शेवटी तेवढे जास्त द्यायचे. म्हणून शटर बल्बवर. शटर उघडंच असतं, पण त्या गाडीपुरता सेन्सर अंधारात.

ही युक्ती कोणीही सांगू शकला असता. पण तुम्ही तो पुठ्ठा दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसमोर धरत होतात. तुमचा स्वतःचा कॅमेरा पिशवीत, चेन लावलेली. ज्याची पाळी त्याच्या ट्रायपॉडशेजारी तुम्ही वाकून उभे, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात पुठ्ठा, डोळे वळणावर, तोंडाने आकडे: "सतरा, अठरा, झाक... दोन, तीन... सोड." शिकणाऱ्याने फक्त स्क्रीनकडे बघायचं. चाळीसेक वर्षं फोटो काढलेला माणूस कालच्या पोराच्या फोटोसाठी हमाली करत होता आणि त्या पोराला ती हमाली वाटू देत नव्हता. कोणी ओशाळून म्हणालंच की काका तुम्हीपण काढा ना एक, तर "मले काय काम आहे दुसरं? तू पाह्य तिकडे, मेट्रो येऊन राहिली."

याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतोय. या छंदातली मंडळी आम्हाला माहीत आहेत. कुठून काढला विचारलं की 'सीक्रेट स्पॉट' म्हणून हसणारी. फोटोतली माहिती पुसून टाकणारी. पहाटेपासून लावलेल्या कोणाच्या ट्रायपॉडपुढे आपला ट्रायपॉड रोवणारी. तलाव सरकारचा, चंद्र सगळ्यांचा, त्यात कसलं आलंय गुपित?

दीक्षाभूमीच्या घुमटाचं एक्स्पोजर तुम्ही कागदावर लिहून वाटलं होतंत. भोवतीच्या काळ्या आकाशाला मीटर भुलतं आणि पांढरा घुमट जाळून टाकतं, म्हणून मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). कॅमेरा वर न कलवता पातळीत ठेवायचा, लागलं तर मागे सरकायचं. आणि त्याच कागदावर, त्याच अक्षरात, खाली: आधी तिथल्या माणसाला विचारणे. झिरो माइलच्या खांबाजवळच्या दगडी घोड्यांसाठीही असाच कागद होता. दोन फोटो, एक घोड्यांच्या उजेडाला, एक मागच्या दिव्यांना, मधे ट्रायपॉडला हात नाही, मग घरी जोडायचे. १९०७ सालापासून तो खांब तिथे उभा आहे; तुमच्या मते नागपूरकर त्याचा फोटो काढत नाहीत, त्याच्यासमोर स्वतःचा काढतात.

'आधी विचारणे' हा तुमच्या शिकवण्यातला अर्धा भाग. ट्रायपॉड उघडण्याआधी पानटपरीवाल्याशी बोलायचं, चौकीदाराला नमस्कार करायचा, पोलिसाने हटकलं तर कॅमेऱ्याची स्क्रीन त्याच्याकडे वळवायची. सीताबर्डीचा किल्ला लष्कराचा आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, एरवी तिकडे कॅमेरा रोखून हुज्जत घालायची नाही. आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही, कितीही 'मूड' असला तरी. "तो त्याच्या घरी झोपून आहे. तुह्या घरात कोणी असा घुसला तर?" बक्षिसाच्या फोटोंत अशी झोपलेली माणसं किती असतात, बघा कधी मोजून.

ऋतूंचंही तुम्ही सांगितलंत तेवढं नेमकं कोणी सांगितलं नाही, कारण बाहेरच्या पुस्तकांना आपला मे माहीत नाही. इथे रात्री नऊलाही डांबर तापलेलं असतं. सेन्सर गरम झाला की तीस सेकंदांच्या फोटोत लाल-निळे ठिपके येतात. लाइव्ह व्ह्यू मधे मधे बंद ठेवायचा, शॉटनंतर थोडा विसावा द्यायचा. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केली तर ती तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा फोटो घेते आणि ठिपके वजा करते. म्हणजे तीसाचे साठ सेकंद होतात. निळी वेळ जात असताना ते परवडत नाही. तेव्हा ती बंद ठेवून शेवटी एकदा, झाकण लावून, त्याच आयएसओला आणि तेवढ्याच सेकंदांचा काळा फोटो घ्यायचा आणि घरी वजाबाकी करायची.

जानेवारीत फुटाळा तलावावर उलटं. काचेवर दव धरतं आणि प्रत्येक दिव्याभोवती वलय येतं, तेव्हा दर काही मिनिटांनी टॉर्च तिरपा मारून काच बघायची. पावसात एसी गाडीतून थेट बाहेर काढलेली लेन्स धुरकटते, पुसून फायदा नसतो, पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला राहू द्यायची. पण पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास सोडायचा नाही. ओल्या डांबरावर चौकातला प्रत्येक दिवा दुसऱ्यांदा लागतो.

फी तुम्ही घेतली नाहीत. तर्री पोह्यांचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत, हे मात्र अती झालं. येत्या हिवाळी अधिवेशनात विधानभवनाला रोषणाई असली तर आम्ही सिव्हिल लाइन्सला येऊ. त्या दिवशी तुमचा कॅमेरा पिशवीबाहेर हवा. पुठ्ठा आम्ही धरू. मोजणं जमतंय, झाकताना हात अजून टेकतो.

आपली,
शिकणारी मंडळी

ता. क. तुमच्या ट्रायपॉडची प्लेट आमच्याकडे राहिली होती. तिचा पाव इंची स्क्रू ठीक आहे, पण वरचं रबर झिजलं होतं म्हणून कॅमेरा उभा लावला की घसरत होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला आहे. पानटपरीवर ठेवली आहे, पैसे विचारू नका.