बूट, घड्याळ आणि गाडी

महोदय,

पडद्यावर ब्रँड दिसला म्हणून मी कधी तक्रार केलेली नाही. माणसं गाड्या चालवतात, घड्याळं घालतात. पण गेल्या रविवारी मुलीसोबत ‘आय, रोबॉट’ (२००४) पुन्हा पाहिला आणि जीव हळहळला. कथा २०३५ मधली, तरी नायकाच्या पायात कॉन्व्हर्सचे बूट, आणि ‘२००४चे’ हे संवादातच सांगितलेलं! ‘कॅसिनो रॉयल’ या जेम्स बाँडपटात (२००६) तर आगगाडीतला प्रसंग किती रंगलेला. बाँड आणि नायिका व्हेस्पर, दोन तल्लख माणसं एकमेकांना जोखत असतात आणि मध्येच ती त्याच्या घड्याळाबद्दल विचारते, ‘रोलेक्स?’ तो म्हणतो, ‘ओमेगा.’ त्या क्षणी पात्रं गप्प होतात, जाहिरातीचा करार बोलू लागतो. ब्रँड खुशाल दाखवा, पण पात्रांच्या तोंडी घालू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ (२००७) मात्र मला खुपला नाही. त्यातला बम्बलबी म्हणजे गाडीचं रूप घेणारा यंत्रमानव; जुन्या कार्टूनमध्ये तो फोक्सवॅगन बीटल होता, चित्रपटात तो शेव्हरोले कॅमरो झाला. गाडीचं ते नवं रूप तेव्हा विक्रीलाही आलं नव्हतं, म्हणजे उघड जाहिरातच. पण तिथे गाडीच पात्र आहे; ती रुसते, लढते. शेवटच्या लढाईत बम्बलबीचे पाय निकामी झाले तेव्हा मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

– एक चित्रपटप्रेमी