दीड मिनिटावर अडकलेल्या बाबांना

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "रोज तासभर रुबिक क्यूब फिरवतोय, तरी दीड मिनिटाच्या खाली काही येत नाही. वय आडवं येतंय का गं?" तेव्हा घाईत होते, धड उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण चार महिने मीही २२ सेकंदांवर अडकून पडले होते.

वय नाही, बाबा. बोटंही नाहीत. मला हे कळलं ते एका व्हिडिओमुळे. क्यूब सोडवताना फोनवर हातांचं चित्रण केलं आणि नंतर सावकाश लावून पाहिलं. पांढरा क्रॉस (पांढऱ्या बाजूच्या चार कडांची फुली) झटकन झाला, कोपरा आणि कड यांची पहिली जोडी बसली आणि हात थांबले. डोळे पुढचा कोपरा शोधत होते. तो मागे होता, म्हणून अख्खा क्यूब वळवला; परत थांबले. २२ पैकी जवळजवळ ७ सेकंद एकही थर हलत नव्हता! मी मात्र चार महिने बोटांचा वेग वाढवत बसले होते. जितकं भराभर फिरवावं, तितकं पुढचं दिसेनासं होतं.

मग टायमर कपाटात टाकला. मुद्दाम संथ फिरवायचं, पण थांबायचं नाही. एक जोडी तिच्या जागी निघाली की तिच्याकडे बघायचंच नाही, ती कुठे चाललीय हे हातांना ठाऊक असतं. नजर पुढच्या कोपऱ्यावर आणि त्याच्या जोडीदार कडेवर. फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात वेळ २८ सेकंदांवर गेला आणि खरं सांगते, रडू आलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री चारही जोड्या न थांबता बसल्या. क्यूबचा आवाजच वेगळा येत होता, संथ आणि सलग. आता शंभर सॉल्व्हची, म्हणजे शंभर वेळा सोडवल्याची, सरासरी १९.४ सेकंद आहे.

तुमची गाठ मात्र वेगळी आहे. तुम्ही पहिल्या थराचे कोपरे आधी बसवता, मधल्या कडा नंतर. त्या पद्धतीत चालीच इतक्या होतात की एका मर्यादेपलीकडे सरावाने फार काही वाचत नाही. कोपरा आणि कड वरच्या थरात एकत्र जुळवून एकदमच आत घाला. यात पाठांतर नको, ते समजून घेऊन जमतं. शेवटच्या थराचे अल्गोरिदम, म्हणजे पाठ करायचे चालींचे क्रम, पिवळी बाजू वर आणायला ५७ आणि तुकडे जागेवर न्यायला २१ असतात; ते बघून घाबरू नका. ही दोन्ही कामं दोन-दोन टप्प्यांत केली तर १६ पुरतात: पहिल्याला १०, दुसऱ्याला ६. आठवड्याला दोन करा.

आणि सुरुवातीच्या निरीक्षणाचे, म्हणजे फिरवण्याआधी क्यूब नुसता बघायला मिळणारे, १५ सेकंद वाया घालवू नका. क्रॉस कुठल्याही अवस्थेतून जास्तीत जास्त ८ चालींत होतो. तो मनात ठरवा, डोळे मिटा, करा, मग उघडून बघा. मी हे रोज दहा वेळा करते.

सर्वांत कमी वेळेच्या मागे लागू नका, एवढं माझं ऐकाच. स्पर्धेतसुद्धा पाच सॉल्व्हमधला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. नशिबाने लवकर सुटलेला एखादा क्यूब तिथे कामाला येत नाही. वहीतही सरासरीच लिहा.

बरं, १९८२ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जिंकणारा वेळ होता २२.९५ सेकंद. तेव्हाचे क्यूब आजच्यासारखे गुळगुळीत, चुंबकवाले नव्हते, म्हणून तुलना करत नाही. पण ज्या २२ सेकंदांवर मी अडकले होते, त्याहून थोड्या मोठ्या आकड्यावर कुणीतरी जगज्जेता झाला होता, हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आईला सांगून तुमच्या हातांचा एक व्हिडिओ काढून पाठवा. चेहरा नको, फक्त हात. कुठे थांबताय ते मी सेकंद मोजून कळवते.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमची लेक