विषय : तेच खोकं, तीच किंमत, आणि मुलुंडला लावून घाटकोपरला संपणारा परफ्यूम

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : तक्रार निवारण अधिकारी, नेमलेला असल्यास)

काल संध्याकाळी पावणेसातला तुमच्या माणसाने माझा फोन ठेवून दिला. कट झाला नाही, ठेवला. यातला फरक मला कळतो. म्हणून आता लेखी.

कुठल्या बाटलीबद्दल बोलतेय ते तुम्हाला सांगायला नको. हिरवं झाकण, खोक्यावर अर्धं कापलेलं लिंबू, शेजारी पांढरी फुलं. ६४९ रुपये. गेली सहा वर्षं मी तीच वापरते आहे. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. प्रॅक्टिकलच्या दिवसांत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारं किप्स अपॅरेटस दिवसभर चालू असतं आणि सडक्या अंड्यांचा तो वास ओढणीत, केसांत, डब्याच्या पिशवीत बसतो. तो घेऊन संध्याकाळच्या गाडीत लेडीज डब्यात चढायचं म्हणजे शेजारणीच्या चेहऱ्याकडे बघायची सोय राहत नाही. तुमचा परफ्यूम त्यासाठी होता. सकाळी आधी लिंबू-संत्र्याची साल, मग मोगरा, जाई, आणि परत येताना ओढणीच्या टोकाला थोडासा निशिगंध उरलेला. महाग बाटल्या मी वासानेसुद्धा ओळखत नाही, मला त्यांचं काही नाही. मला रोजच्या वापराला एक साधी, ताजी, परवडणारी गोष्ट हवी होती आणि ती तुम्ही देत होतात.

मार्चमध्ये तुमच्याच वेबसाइटवरून नवी बाटली मागवली. उत्पादनाचा महिना फेब्रुवारी, म्हणजे जुना माल नाही. पहिल्या फवाऱ्यालाच घरातून आवाज आला, "आज फरशी पुसलीस का?" लिंबाचा वास सगळ्यांत आधी उडतो हे मला शिकवू नका. त्याच्या सालीतलं लिमोनीन हलकं असतं, उडणारच. प्रश्न त्याच्या खालच्या फुलांचा आहे. ती टिकायला हवीत. मी मुलुंडला ८:१२ च्या स्लो गाडीत चढते. भांडुपला लिंबू गेलं, ठीक. विक्रोळीपर्यंत कसलातरी गोडसर फुलांचा भास होता. घाटकोपरला काहीही नाही. पुढे कुर्ला, शीव, दादर आणि सगळा दिवस माझी मी.

आधी वाटलं बाटली खराब निघाली. मग रविवारी जुनं खोकं आणि नवं खोकं शेजारी शेजारी ठेवलं. लिंबू तेच, फुलं तीच, १०० मिली तेच, किंमत तीच. चष्मा लावून बघितलं, तरी तेच. शेवटी भिंग घेतलं. खालच्या कडेला, आधी जिथे 'ओ द पार्फ्यूम' होतं तिथे आता 'ओ द टॉयलेट' लिहिलंय. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फिक्या हिरव्यावर गडद हिरव्यात. ढोबळमानाने ओ द पार्फ्यूममध्ये (ईडीपी) सुगंधी द्रव्य १५ ते २० टक्के असतं, ओ द टॉयलेटमध्ये (ईडीटी) ५ ते १५. म्हणजे आतलं पातळ केलंत, बाहेरचं चित्र आणि भाव तसाच ठेवलात. 'टॉयलेट'चा फ्रेंच अर्थ वेगळा आहे हे मला माहीत आहे. तुमच्या बाबतीत तो मराठीतच घ्यावासा वाटतो.

(हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

पहिला फोन. "मराठीसाठी ३ दाबा." ३ दाबलं, हिंदी आलं. मुलीने लिंक पाठवली, फॉर्म भरा म्हणाली. फॉर्ममध्ये 'दोषाचा फोटो जोडा' हा रकाना सक्तीचा, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. वासाचा फोटो. मी बाटलीचा फोटो जोडला, तर दोन दिवसांनी उत्तर आलं की फोटोत कोणताही दोष दिसत नाही.

दुसऱ्या फोनवर पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट देऊ केली. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं म्हणून बोलावं आणि त्याने म्हणावं, ताई, उद्यापासून दोन लिटर घ्या, स्वस्तात लावतो.

आता कालचा फोन. हा नीट वाचा, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असणार. 'गुणवत्तेसाठी' तुम्ही करता असं ती बाई दर वेळी सांगते. अठरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगा आला. मी ईडीपी-ईडीटीचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ते फक्त स्पेलिंग चेंज आहे." मी म्हटलं, पार्फ्यूमचं स्पेलिंग बदलून टॉयलेट होतं? तो गप्प. मागे कीबोर्डचा आवाज. मग विचारलं, बाटली उन्हात ठेवली होती का? नाही, कपाटात. मनगटं घासली का? नाही. एक्स्पायरी? तुम्हीच छापली आहे, बघा. परत कीबोर्ड. आणि मग, अगदी मऊ आवाजात, डॉक्टर विचारतात तसं :

"मॅडम, आपको पसीना ज्यादा आता है क्या?"

मी म्हटलं, काय? त्याला वाटलं मला हिंदी कळलं नाही. त्याने मराठीत सांगितलं. "म्हणजे मॅडम, काही काही लेडीजना घाम जास्त असतो, बॉडी टाइप असतो, त्यांच्यावर कुठलाच परफ्यूम राहत नाही. प्रॉडक्टमध्ये इश्यू नाही." मी दादरच्या पुलावर उभी होते, साडेसहाची गर्दी, एप्रिल महिना. हो, मला घाम येत होता. त्या पुलावरच्या प्रत्येक माणसाला येत होता. मुंबईत विकायला ठेवलेल्या रोजच्या वापराच्या परफ्यूमला मुंबईचा घाम ठाऊक नाही? सहा वर्षं हेच शरीर होतं, हाच पूल होता, हाच एप्रिल होता. तेव्हा संध्याकाळपर्यंत टिकत होता. मी त्याला शांतपणे म्हटलं (माझ्या मते शांतपणे) की वरिष्ठांना द्या. तो म्हणाला, "मॅडम, स्मेल सब्जेक्टिव्ह असतो." मी म्हटलं, मी बावीस वर्षं वासावर नोकरी करते. ॲसिटोन कुठलं आणि इथाइल ॲसिटेट कुठलं हे लेबल न बघता सांगते. त्यावर तो म्हणाला, "तरी एकदा नाकाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." आणि ठेवला.

आधी घाम, मग नाक. अजून पाच मिनिटं बोलले असते तर बहुतेक सासरचं काढलं असतं.

आज सकाळी कॉलेजात गेल्या गेल्या मी एक काम केलं. जुन्या बाटलीच्या तळाशी जेमतेम एक फवारा शिल्लक होता, ती नेली. गाळणकागदाच्या सारख्या पट्ट्या कापल्या. एकीवर जुन्याचा एक फवारा, दुसरीवर नव्याचा, तेवढ्याच अंतरावरून. तिसरी कोरी. मागे पेन्सिलीने अ, ब, क. साडेनऊला खिडकीपाशी चिमट्याने अडकवल्या आणि कुठली कसली हे न सांगता आमच्या सरांना आणि दोन परिचरांना दर तासाला हुंगायला लावल्या. साडेदहाला तिघांनीही अ ओळखली. ब वर सर म्हणाले, "साबण?" साडेअकराला ब आणि कोऱ्या क मधला फरक कोणालाच सांगता येईना. दुपारी साडेचारला अ वर अजून मोगरा होता. एक परिचर म्हणाला, ही पट्टी मी घरी नेऊ का?

गाळणकागदाला घाम येत नाही, साहेब. त्याला बॉडी टाइप नसतो.

मला काय हवंय ते लिहिते. ६४९ रुपये परत, कूपन नको. आतला माल बदलला हे लेखी कबूल करणारं पत्र. आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला, लिंबाएवढ्या अक्षरांत, 'आता ईडीटी'. किंमत कमी करायची की नाही ते तुमच्या लाजेवर सोडते. पण घाम येतो का हे परत कोणत्याही बाईला विचारू नका.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याभरात. पहिल्या तक्रारीला आज एकोणीस दिवस झाले, ते फोटोचं उत्तर सोडलं तर रीतसर पोच नाही. उद्या १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवते आहे. तिथे नाही जमलं तर बांद्र्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, माझी तर साडेसहाशेची आहे. दादरला गाडी बदलावी लागेल, बदलीन. पट्ट्या घेऊन येईन.

खरं सांगायचं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटलंय. कॉलेजातल्या तीन मुलींना मी तुमची बाटली घ्यायला लावली होती. त्यातली एक गेल्या आठवड्यात म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलेला तो काही खास नाही." मी तिला काय सांगू? की आधी चांगला होता?

तुमची सहा वर्षांची ग्राहक,
मुलुंड पूर्व

ता.क. जुनी बाटली आता रिकामी आहे. झाकण उघडलं की तुमच्या नव्या भरलेल्या बाटलीपेक्षा तिला जास्त वास येतो. झाकण घट्ट लावून ठेवली आहे. आयोगाला लागेल.