मंत्रीसाहेब, रिस्क कंपनीची होती ना, मग हात आमचाच का मोडला?

मा. नगरविकास मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. पत्रंबित्रं लिहायला वेळ नसतो, पण परवा पुन्हा पेपरात वाचलं की शहरातली पुढची मोठी कामं पीपीपीवर, सरकार आणि खाजगी कंपनीच्या भागीदारीत करायची, म्हणजे सरकारवर बोजा नाही, सगळी रिस्क खाजगी भागीदाराची. हे वाचत होतो तेव्हा शेजारी बायको डाव्या हातानं चहा गाळत होती, कारण उजव्या मनगटात प्लेट आहे. म्हणून म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

झालं असं की आमच्या गल्लीच्या तोंडाला असल्याच एका भागीदारीतल्या कामाची चर मारली. बॅरिकेड नाही, लाल दिवा नाही, निदान एखादी पट्टी तरी बांधायची, तीपण नाही. खांबावरचा लाईट त्याच कामामुळं बंद. बायको संध्याकाळी दूध आणायला गेली आणि थेट चरीत. नावं कुणाची घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. एका कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले हे आता आमच्याकडं येत नाही, कंपनी बघते. कंपनीचा माणूस म्हणाला आमचा स्कोप पाईप टाकण्यापर्यंत, सेफ्टी सब-कॉन्ट्रॅक्टरकडं आहे. सब-कॉन्ट्रॅक्टरचा फोन स्विच ऑफ. मग गल्लीत मीटिंग झाली, फोटो निघाले, सगळ्यांसमोर शब्द दिला की आठ दिवसांत चर बुजवतो आणि दवाखान्याचं पण बघतो. चर अजून उघडी आहे. दवाखान्याचं मीच बघितलं, लाखाच्या वर गेलं, त्यात फिजिओथेरपी धरलेली नाही.

ती ब्लाऊज शिवते साहेब. आमच्या पेठेत तिच्या हाताला नाव आहे. लग्नसराईची सगळी कापडं तिनं एकेक करून परत दिली, काहीजणींचा ॲडव्हान्स घेतला होता तोपण परत केला. डॉक्टर म्हणतात बोटं आखडली आहेत, कात्री पहिल्यासारखी चालेल की नाही सांगता येत नाही. हे कुठल्या खात्यात टाकायचं?

कारण मी तुमचे ते करार वाचायला बसलो. सगळे कळले असं म्हणत नाही, पण जन्मभर मशीनची ड्रॉइंग वाचलीत, कोण कशाला जबाबदार एवढं शोधता येतं. काय भारी लिहिलेलं असतं हो! जमीन वेळेत मिळाली नाही तर रिस्क सरकारची. ट्रॅफिक कमी आला तर कंपनीची, पण मग मुदत वाढवून द्यायची सोय. जमिनीखालच्या जुन्या पाईप आणि केबल हलवायचा खर्च कुणाचा, कायदा बदलला तर काय, व्याज वाढलं तर काय, सगळ्याला मालक आहे. चरीशेजारनं चालणाऱ्या बाईबद्दल एक गोलमाल वाक्य असतं, सुरक्षेची योग्य ती काळजी घ्यावी. घेतली नाही तर कुणी, किती दिवसांत, किती पैसे द्यायचे, त्या बाईनं नेमकं कुठं जायचं, ते काही नाही. जे कागदावर नीट कुणाच्या नावावर नाही ते रस्त्यावर आमच्या नावावर चढतं.

आणि महापूर! तो म्हणे दैवी आपत्ती, त्यात कंपनीला मुदतवाढ. 2019 ला आला, 2021 ला परत आला, पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट हे इथलं शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं, मग कोल्हापुरात पूर अनपेक्षित कसा? तो धरूनच टेंडर भरायला नको का? माझ्या बँकेनं पुराच्या महिन्याचं व्याज सोडलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल राजकारण करू नका. साहेब, कोल्हापूरकराला पीपीपी शिकवायला मंत्रालयातनं कुणी यायची गरज नाही. आयआरडीपी, ती शहरातल्या रस्त्यांची योजना, आठवतंय? 49 किलोमीटरचे रस्ते, 220 कोटींचं काम, आयआरबी या रस्ते बांधणाऱ्या कंपनीला 30 वर्षं टोल, शहराच्या तोंडावर नऊ नाके, वर टेंबलाईवाडीची जागा 99 वर्षांच्या लीजवर. तेव्हापण हेच ऐकवलं होतं की महापालिकेचा एक रुपया लागणार नाही. ऑक्टोबर 2013 ला वसुली सुरू झाली आणि गाव रस्त्यावर आलं. एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं उभे, पानसरे अण्णा सोबत, आणि मागं सगळ्या पक्षांचे, तालमींचे, घरातल्या बायका, रिक्षावाले. टोल जाणार या शब्दावर जानेवारी 2014 ला उपोषण सुटलं, वसुली काही थांबली नाही, मग नाके पेटले. शेवटी टोल गेला, गुलाल उधळला, मीपण होतो त्यात. पण गुलाल धुतल्यावर हिशोब कुणी बघितला का? 220 कोटींच्या कामापोटी सरकारनं साडेचारशे कोटींच्या वर मोजून टोल बंद केला. म्हणजे दुपटीच्या वर, आणि ते पैसे काय मंत्र्यांच्या खिशातले? आमचेच. रस्त्याचं मूल्यांकन किती यावर भांडण झालं ते वेगळंच. लोक टोल भरायला तयार आहेत का, गावात शिरायलाच टोल चालेल का, ही सगळ्यात मोठी रिस्क होती आणि ती करार करताना कुणी मोजलीच नाही. आमच्या चौकातल्या पानवाल्याला विचारलं असतं तरी त्यानं फुकटात सांगितलं असतं.

एक गोष्ट मला झोपू देत नाही ती म्हणजे टर्मिनेशन पेमेंट, करार मधेच तुटला तर सरकारनं कंपनीला द्यायचे पैसे. केंद्राच्या महामार्गांच्या नमुना करारात असं आहे की रस्ता सुरू झाल्यावर कंपनी स्वतःच्याच चुकीनं बुडाली, तरी सरकार तिच्या फेडायच्या उरलेल्या कर्जाच्या 90 टक्के देणार. स्वतःच्या चुकीनं! साहेब, माझं वर्कशॉप बुडालं तर मला कोण देणार 90 टक्के? घर तारण आहे माझं. एक हप्ता चुकला की बँकेतनं फोन, तीन चुकले की दारावर नोटीस. सूत गिरणीतनं सुटलेला माझा बाप म्हणायचा गरिबाला दिवाळं काढायची पण ऐपत लागते. कंपनी मात्र त्या एका कामापुरती वेगळी कंपनी काढते, स्वतःचं थोडं घालते, बाकी बँकेचं, म्हणजे परत आमच्याच ठेवी. यात खाजगी रिस्क नेमकी किती उरली ते कुणीतरी एकदा मराठीत समजावून सांगा.

दिल्लीचं बघा. विमानतळाची मेट्रो लाईन, रिलायन्स इन्फ्राच्या कंपनीनं 2012 ला करार मोडला, सरकारी मेट्रोवर लवादानं 2,782 कोटींचा बोजा टाकला, व्याजानं तो आठ हजार कोटींच्या घरात गेला, आणि 2024 ला सुप्रीम कोर्टानं क्युरेटिव्हमध्ये, म्हणजे अगदी शेवटच्या अर्जावर, तो निवाडाच रद्द केला. बारा वर्षं! दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या पोरांची शिक्षणं झाली असतील. आम्हाला इथं साधा तालुक्याचा वकील परवडत नाही.

बरं, हे सगळं सरकारला माहीत नाही असंही नाही. पीपीपीसाठी नेमलेल्या आपल्याच विजय केळकरांच्या समितीनं 2015 ला लिहून दिलंय की जी रिस्क ज्याला नीट सांभाळता येते ती त्याच्याकडंच द्या. चरीला बॅरिकेड लावणं हे कुणाला सांभाळता येतं साहेब, चर मारणाऱ्याला की दूध आणायला जाणारीला? पीपीपीसाठी वेगळी संस्था काढतो म्हणून 2014 च्या बजेटात 500 कोटींची घोषणा झाली होती, आमच्या गल्लीपर्यंत त्यातला लाल दिवा काही पोचला नाही.

आणि विचारायचं कुणाला? नोव्हेंबर 2020 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं इथं प्रशासक. एवढ्या काळात नगरसेवक नाही, सभा नाही, विचारणा नाही. आयआरडीपीच्या वेळी सभागृह होतं तरी ते तसलं झालं, मग सभागृहच नसताना काय काय सह्या झाल्या असतील देव जाणे. घरफाळा मात्र वेळेवर मागता, उशीर झाला की दंड. जीएसटी भरतो, प्रोफेशनल टॅक्स भरतो, गाडी घेतली तेव्हा रोड टॅक्स भरला, त्या रोडवर बायकोचा हात मोडला. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तिथं आज एक चर बुजवायला भागीदार लागतो!

मागणं फार नाही. काम सुरू करायच्या आधी कंपनीकडनं एक रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून घ्या, कुणाला इजा झाली की पहिल्यांदा त्यातनं दवाखाना भागवायचा, चूक कुणाची ते तुम्ही नंतर वर्षभर भांडत बसा. करार मराठीत, सगळाच्या सगळा, वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा. काम तपासायला तो इंडिपेंडंट इंजिनिअर नेमता त्याच्या फीचा निम्मा वाटा कंपनीकडनं घेऊ नका, मग कसला तो इंडिपेंडंट. आणि करारातला एक शब्द जरी बदलायचा असेल तर जाहीर सभेत बदला, बंद खोलीत नको.

बिलांच्या झेरॉक्स, एक्स-रे आणि चरीचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर द्या अगर देऊ नका, पण ‘आपले पत्र पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठविण्यात आले आहे’ हा कागद कृपा करून पाठवू नका. संबंधित कार्यालयातनंच येतोय मी.

आपला,
उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला
कोल्हापूर