सतरा फ्रेम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड शेवटी उघडलं. त्या फुटबॉल सामन्यात खेळाडू घसरत येऊन तुझ्या गुडघ्यावर आदळला आणि तुला दवाखान्यात नेताना तू कॅमेरा माझ्या हातात दिलास, तेव्हापासून ते बॅगेत तसंच होतं. बघायचं धाडस होत नव्हतं. फोटो सगळे शाबूत आहेत. शेवटच्या फ्रेम मी परत परत पाहिल्या. विंगर, म्हणजे कडेने धावणारा तो आक्रमक खेळाडू, चेंडू घेऊन वळतोय, बचावपटूचा हात त्याच्या खांद्यावर, फोकस नेमका डोळ्यांवर. मग तो फ्रेममध्ये मावेनासा होतो. नुसती छाती दिसते, मग जर्सीचा लाल रंग, धुरकटलेला. आणि अगदी शेवटी तिरका झालेला फ्लडलाइटचा खांब आणि काळं आकाश.

मी त्या फ्रेम मोजल्या. तो तुझ्याकडे वळला तिथपासून त्या खांबापर्यंत सतरा. तुझा कॅमेरा सेकंदाला 12 फ्रेम घेतो. म्हणजे पुरता दीड सेकंदही नाही.

हे सगळं सांगतोय कारण त्या दिवसापासून तू एकच धरून बसलायस : "चूक माझीच, माझं लक्ष नव्हतं." अरे, लक्ष नसतं तर डोळ्यांवर फोकस बसला असता का? लक्ष होतं, आणि ते जिथे असायला हवं तिथेच होतं. 400 मिलिमीटरच्या लेन्समधून आपल्याला दिसतो तो जेमतेम सहा अंशांचा तुकडा, बाकीचं मैदान आपल्यासाठी नसतंच. शिवाय अडीच-पावणेतीन मीटरच्या आत त्या लेन्सचा फोकस लागतच नाही. चित्र धूसर व्हायला लागलं तेव्हा तो खेळाडू एका झेपेवर येऊन पोचला होता. दुसरा डोळा उघडा ठेवा, हे आपण प्रत्येक नव्या मुलाला सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्या उघड्या डोळ्याने पाहून तू जाणार कुठे होतास? मागे जाहिरातींचा फलक, आणि दोन्हीकडे खांद्याला खांदा लावून आम्ही.

तुला दवाखान्यात नेल्यावर मी परत तिथे गेलो होतो. टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपासून, एलईडी फलकापर्यंत माझी दोन पावलं भरली. तेवढ्या जागेत आपण गुडघ्यावर, आपल्या बॅगा, कॅमेऱ्याचे एकपायी मोनोपॉड, जमिनीवरून गेलेल्या केबल. जाहिरात टीव्हीवर मोठी दिसावी म्हणून फलक पुढे सरकवले, आणि जी जागा गेली ती आपली होती. आपलीच असं नाही, त्या विंगरचीही. तो घसरत आला तेव्हा त्यालाही थांबायला जागा नव्हती. तुझ्या गुडघ्याऐवजी त्याचं डोकं फलकाच्या कडेवर आपटलं असतं तर?

आता आयोजकांचं म्हणणं ऐक. पुढच्या हंगामापासून सगळे फोटोग्राफर स्टँडमध्ये बसतील, "सुरक्षेसाठी". पत्र लिहायला बसलो तो खरं तर या एका शब्दामुळे. तुझ्या गुडघ्याचं नाव पुढे करून आपल्या सगळ्यांना वर पाठवायचं, आणि फलक आहेत तिथेच ठेवायचे. हे मला मान्य नाही.

माणसांना हलवणं कधीच बरोबर नसतं, असं मी म्हणत नाही. 2013 मध्ये न्यूरबर्गरिंगला जर्मन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीच्या वेळी मार्क वेबरच्या गाडीचं चाक नीट बसलेलं नसताना गाडी सोडली गेली. ते चाक उसळत जाऊन एका कॅमेरामनवर आदळलं, गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडल्या. त्यानंतर पिट लेनमधली, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात त्या पट्टीतली, वेगमर्यादा ताशी 100 वरून 80 किलोमीटरवर आली, टायर बदलणाऱ्या लोकांना हेल्मेट सक्तीचं झालं आणि माध्यमांना तिथून हलवलं. ते योग्यच झालं. सुटलेल्या चाकापुढे कुणाची सावधगिरी काय कामाची? पण लक्षात घे, माणसं हलवली आणि त्याबरोबर वेगही कमी केला. आपल्याकडे फक्त माणसं हलवण्याची भाषा चालली आहे.

बास्केटबॉलमध्ये त्यांनी जागेचाच विचार केला. 2014-15 च्या हंगामासाठी एनबीए या अमेरिकन लीगने बेसलाइनवरच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवरच्या, फोटोग्राफरांच्या जागा 24 वरून 20 केल्या आणि बास्केटच्या खांबालगतची मोकळी जागा दोन्ही बाजूंना 3 फुटांवरून 4 फूट केली. त्याच हंगामाच्या अंतिम फेरीत लेब्रॉन जेम्स बेसलाइनपलीकडे कॅमेरामनवर जाऊन पडला आणि जेम्सच्याच डोक्याला खोक पडली. म्हणजे तेवढ्याने भागलं नाही, पण दिशा बरोबर होती. क्रिकेटमध्ये तर आंतरराष्ट्रीय सामन्यांचा नियमच आहे, सीमेचा दोर आणि फलक यांत किमान 3 यार्ड अंतर हवं. सूर मारणाऱ्या क्षेत्ररक्षकासाठी तो केला, आणि आकडा लिहिलेला असल्यामुळे कुणी फलक ढकलत पुढे आणू शकत नाही. आपल्याला असाच एक लिहिलेला आकडा हवा आहे.

आणि खाली बसणं हा काही आपला हट्ट नाही. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकाची क्रोएशिया-इंग्लंड उपांत्य लढत आठव. मांजुकिचने गोल केला आणि क्रोएशियाचा सगळा ढीग एएफपी वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर युरी कोर्तेझ याच्यावर कोसळला. तो खाली दबलेला असतानाही शटर दाबत राहिला. ते घामेजलेले, किंचाळणारे चेहरे हातभर अंतरावरून आलेत. स्टँडमधून ते कुणाला मिळाले असते? सगळे तो किस्सा हसत सांगतात, मलाही तो फार आवडतो. पण तो वाचला कारण ते जल्लोष करत त्याच्या अंगावर पडले, पूर्ण वेगात घसरत आले नव्हते.

जवळ जायची वाट बंद झाली की काय होतं, ते 2010 मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबने बाहेरच्या वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांना मैदानात येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. तेव्हा प्लिमथच्या वृत्तपत्राने चित्रकाराकडून सामन्याची चित्रं काढून घेऊन छापली. तिथे प्रश्न सुरक्षेचा नव्हता, फोटोंवर ताबा कुणाचा याचा होता. म्हणूनच मला भीती वाटते. आज गुडघ्याचं कारण देऊन दार लोटलं, तर उद्या ते उघडायला कुणी येणार नाही.

आपल्या बाजूचंही बोलायला हवं. 2015 ला बीजिंगमध्ये 200 मीटरची शर्यत जिंकून उसेन बोल्ट प्रेक्षकांना अभिवादन करत चालला होता. सेगवे या दोन चाकी विजेच्या गाडीवरचा कॅमेरामन कडेच्या रुळाला अडकला आणि मागून त्याच्या पायांवर कोसळला. बोल्टला काही झालं नाही, हे नशीब. आपणही खेळाडूसाठी धोका असतो. गेल्या महिन्यात खेळ चालू असताना, कॉर्नर फ्लॅगपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन कॅप्शन लिहिणारे चौघे मी पाहिले. चौघांच्या माना खाली. त्या चार माणसांची मला तुझ्याहून जास्त काळजी वाटली, कारण त्यांना दीड सेकंदही मिळणार नव्हता. पाय पसरून बसणारेही तसेच. एक गुडघा टेकून, दुसरा पाय उठायच्या तयारीत, हे आपल्याला शिकवलं गेलं ते उगाच नाही.

गुरुवारी आयोजकांबरोबर बैठक आहे. टचलाइनपासून फलकापर्यंत किमान तीन मीटर मोकळे, दर पाच जणांमागे निसटायला एक मोकळी पट्टी, बॅगा फलकाच्या मागे, आणि फोटो पाठवायला मैदानाच्या कडेपासून दूर एक टेबल, एवढं मी मागणार आहे. त्यासाठी आपल्यातल्या काही जागा कमी कराव्या लागल्या तरी चालतील, पाळीपाळीने बसू. हे आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. त्यांच्याशी मी बोलेन.

त्या बैठकीत तुझ्या सतरा फ्रेम दाखवायच्या असं माझ्या मनात आहे. एकेक करून, काही न बोलता. पण फोटो तुझे आहेत आणि पडलेला माणूसही तू आहेस, तेव्हा तुझ्या होकाराशिवाय कार्ड बाहेर निघणार नाही. नको म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही. बुधवारपर्यंत कळव.

आणि त्यातली नववी फ्रेम, जिथे बचावपटूची बोटं जर्सीत रुतलीत, ती या वर्षातली तुझी सगळ्यात चांगली फ्रेम आहे. मोठी प्रिंट काढून ठेवली आहे, रविवारी येताना आणतो. फिजिओथेरपी चुकवू नकोस.

तुझाच